पाचव्या विद्यापीठाचं पत्र

लोरेन प्रॅथर आत आली ती कोटाखाली कॉलेजच्या भटारखान्याचा एप्रन तसाच ठेवून. खुर्चीत टेकायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, की शेरिफनं तिच्या टेरेलला खुनासाठी धरलंय आणि कोठडीत पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याचे दोन दात पाडलेत.

"तो जिवंत बाहेर यायला हवा, प्रुइटबाई," ती म्हणाली. "बाकी मला काही नको."

ऑगस्टा प्रुइटनं तिच्यासमोर कॉफी ठेवली. शेरिफला न सुटलेली प्रकरणं तिनं याआधीही सोडवली होती. कोपऱ्यात ऑगस्टाचा दीर व्हर्न बसला होता. वीस वर्षं तो शेरिफच्या हाताखाली होता, पण हातकड्या पडलेल्या मुलांच्या आयांशी काय बोलायचं हे त्याला कधीच उमगलं नव्हतं.

खुनाची हकिगत मार्लो गावात सगळ्यांना पाठ झाली होती. पंधरा डिसेंबरला, मंगळवारी, दुपारी चार चाळीसला प्रोफेसर एमोस किट्रिज कॉलेजातल्या आपल्या खोलीत मेलेले सापडले. दार अडवायच्या लोखंडी ठोकळ्यानं कुणीतरी त्यांच्या डोक्यावर सात घाव घातले होते. बायकोनं त्यांना ओळखलं ते मनगटावरच्या घड्याळावरून. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन टेरेल फरशीवर बसला होता, कोपरापर्यंत लाल.

किट्रिज तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवत होते. यंदा त्यांचे दोन विद्यार्थी पीएच.डी.साठी अर्ज करत होते, टेरेल आणि सिग्ने हॉलक्विस्ट. अर्जाला गुण लागतात, स्वतः लिहिलेला एक मोठा निबंध लागतो, पण खरं वजन शिफारसपत्राचं. ते प्रोफेसरनं थेट विद्यापीठाकडे पाठवायचं. पोचलं की विद्यार्थ्याला आपोआप निरोप येतो. किट्रिज शेवटच्या दिवसापर्यंत थांबत आणि पोरांचा जीव टांगणीला लावत. यंदाची मुदत त्याच मंगळवारी, पूर्वेकडच्या घड्याळानं पाचची होती, म्हणजे मार्लोत चार.

"मंगळवारी पत्रं गेली का?" ऑगस्टानं विचारलं.

गेली होती, तीन चाळीस ते तीन बावन्नच्या दरम्यान. सिग्नेची चार, टेरेलची चार. टेरेलचं पाचवं मात्र गेलं नाही. तिथली अर्जाची फी त्याच्या आवाक्याबाहेरची होती. शुक्रवारी ती माफ झाल्याचं कळलं, तेव्हा कुठे त्यानं ते नाव वाढवलं. पूर्ण शिष्यवृत्ती देणारं ते एकच विद्यापीठ, आणि त्याला जायचंही तिथंच होतं.

शेरिफ डॉब्सच्या मते फास इथंच आवळला जात होता. साडेचारला पोरगा जाब विचारायला गेला, मुदत टळलेली, त्याचं डोकं फिरलं. आदल्या दिवशी तो व्हरांड्यात किट्रिज यांच्यावर ओरडलाही होता.

डॉब्सनं त्या खोलीचे फोटो दाखवले, थोडे उपकार केल्यासारखे. भिंतीवर, पडद्यावर, छताच्या कडेपर्यंत शिंतोडे होते.

"उजवा हात बघ," ऑगस्टा म्हणाली.

"बघवत नाही," व्हर्न म्हणाला.

"तरी बघ. सगळा पंजा रक्तात बुडालाय. तर्जनी तेवढी पुसलेली आहे."

"पडताना कुठे घासली असेल."

तिनं पुढचा फोटो ओढला. टेबलाच्या फोटोत शिंतोड्यांच्या मधोमध जाड पुस्तकाएवढा चौकोन कोरा राहिला होता. कॉम्प्युटरशेजारी एक कागद चिकटवलेला होता. त्यावर दोन विद्यार्थ्यांची नावं आणि प्रत्येकाखाली चार विद्यापीठं. कॉम्प्युटर उघडायला दोन दिवस गेले, म्हणून डॉब्स कुरकुरला. म्हातारा बोटाच्या ठशानं उघडायचा, परवलीचा शब्द बायकोलाही ठाऊक नव्हता.

मग एकेकाची पाळी आली.

डॉ. ग्रेडी मोनाहन याच विभागात शिकवत होता. त्याची कायमची नोकरी किट्रिज यांच्या एका मतानं हुकली होती, आणि हे त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. मंगळवारी दोन ते चार तो साठ मुलांच्या परीक्षेवर देखरेख करत होता, एकदाही बाहेर गेला नव्हता. चारनंतर दार लावून खोलीत एकटा.

"त्याला मारावंसं मला रोज वाटायचं," तो म्हणाला. "पण त्या वेळी मी पेपर तपासत होतो. साक्षीला तेवढे पेपरच आहेत, आणि तेही माझ्या विरोधातच बोलतील."

सिग्नेचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र स्वच्छ. चार ते पाच ती जेवणघरात होती. पन्नास जणांनी पाहिलं होतं. चारच्या आत पत्रांचे निरोप आले, म्हणजे तोवर सर जिवंत होते, असंही तिनं आपणहून सांगितलं. तिचा निबंध शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांतल्या निवडणुकांवर होता. टेरेलचं नाव निघाल्यावर तिनं मान हलवली. तो असं करणार नाही, एवढंच म्हणाली.

जेवणघरातली गोष्ट लोरेननंच पक्की केली. "आली की चारला. नुसत्या स्वेटरवर, त्या थंडीत. दात वाजत होते पोरीचे. मी तिला दोनदा सूप वाढलं."

व्हर्नला ऑगस्टानं ग्रंथालयात पिटाळलं. तो परत आला तो एवढंच घेऊन, की मंगळवारी सकाळी किट्रिज यांनी तळघरातून १९८७ सालचा एक जुना प्रबंध नेला होता आणि तो परत आलेला नाही. सहकारी संस्था, मतदान, असलं काहीतरी रटाळ. "तू उगाच मला जिने चढायला लावतेस," तो म्हणाला.

शेवटी टेरेल. त्याचा ओठ टाके घालून शिवला होता, एक डोळा बंद होता. तीन ते साडेचार ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एकटाच बसलो होतो, म्हणाला. कुणी पाहिलं नाही. आदल्या दिवशी ओरडलो, ते पाचव्या विद्यापीठासाठीच. तिकडून पत्राची मागणी सरांच्या टपालात येऊन पडली होती आणि ते म्हणत होते, बघू.

"बाई, मी मेलो तरी चालेल," तो म्हणाला. "पण आईला वाटू देऊ नका की मी केलं."

सोमवारी ऑगस्टानं सगळ्यांना विभागाच्या बैठकीच्या खोलीत बोलावलं. टेरेलला हातकड्यांत आणलं होतं. लोरेन त्याला खेटून बसली आणि डॉब्सनं तिला उठवायचा प्रयत्न सोडून दिला.

"खून कधी झाला हेच आपण चुकीचं धरलं," ऑगस्टानं हलक्या आवाजात सुरुवात केली. "तीन बावन्नला पत्र गेलं, म्हणून तेव्हा किट्रिज जिवंत होते असं सगळे म्हणतात. पण मेलेल्या माणसाचं एकच बोट कोण पुसतं, शेरिफ? ज्याला त्या बोटाचा ठसा हवा असतो तो. रक्ताळलेल्या बोटानं कॉम्प्युटर उघडत नाही."

डॉब्सचा हात मिशीवरच थांबला.

"म्हणजे तीन चाळीसला किट्रिज मेलेले होते. मारेकऱ्यानं प्रेताचा हात उचलला, बोट पुसलं, टेकवलं, आणि बारा मिनिटं त्या रक्तात बसून आठ पत्रं पाठवली. हे मोनाहन करू शकत नाही, तेव्हा साठ जण त्याच्याकडे बघत होते."

"राहिला माझ्या कोठडीतला," डॉब्स म्हणाला.

"त्याला तर तुम्ही स्वतःच सोडवलंत. पाचवं पत्र गेलं नाही म्हणून यानं खून केला, असं तुम्ही म्हणता. पण पत्रं पाठवणारा हात मारेकऱ्याचाच होता. टेरेल त्या खुर्चीत बसला असता, तर सगळ्यात आधी पाचवंच पत्र गेलं असतं. ज्याच्यासाठी तो आदल्या दिवशी गळा फाडून ओरडला, ते तो विसरेल? पाठवणाऱ्याला पाचवं आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यानं कागदावरची यादी पाहिली आणि त्यात चारच होती."

व्हर्नला आता कुठे दिसू लागलं. तो सिग्नेकडे वळला. ती टेबलावर ठेवलेला पाण्याचा काचेचा जग न्याहाळत होती.

"टेबलावरचा कोरा चौकोन त्या प्रबंधाचा होता," ऑगस्टा म्हणाली. "घाव पडले तेव्हा तो तिथं होता, नंतर कुणीतरी उचलला. ज्या बाईंनी तो लिहिला त्या ओमाहात राहतात. त्यांनी आपली प्रत पाठवली. सिग्ने, तुझ्या निबंधाची एकोणीस पानं त्यात आहेत, शब्दाला शब्द. किट्रिज यांना ते कळलं, आणि पत्रात ते तसंच लिहिणार होते. तू त्यांच्या पत्राच्या जागी तुझं पत्र घातलंस. आणि तुझा कोट..."

"बॉयलरच्या खोलीत राखेखाली," डॉब्स म्हणाला. "काल ऑगस्टानं शोधायला सांगितलं तेव्हा मिळाला, कुणाचा ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं. पुढची बाजू रक्तानं कडक झालीय."

सिग्नेनं काचेचा जग फेकला तो सरळ ऑगस्टाच्या तोंडावर. व्हर्न मध्ये आला. त्याची भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. ती दाराशी पोचली तेव्हा डॉब्सनं तिला खांद्यानं भिंतीवर आपटलं. फुटक्या काचेचा तुकडा तिच्या मुठीत होता. तो सोडवताना तिचीच बोटं कापली.

"माझ्या टेरेलची पत्रं का पाठवलीस?" लोरेननं विचारलं. "तुझी पाठवून निघून जायचंस."

सिग्ने रक्ताळलेल्या हाताकडे बघत राहिली. "त्याची तयार होती. शेजारीच. त्याचं काय चुकलं होतं?" मग म्हणाली, "सर हसले मला. पानं दाखवून हसले."

तिला नेलं. मोनाहन पाचव्या विद्यापीठाला फोन लावायला गेला. ते काय म्हणतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

टेरेलच्या हातकड्या निघाल्या. शेरिफनं एका विद्यापीठाकडून मागवलेली त्याच्या शिफारसपत्राची प्रत टेबलावर होती. ऑगस्टानं ती त्याच्यापुढे सरकवली. "घे. किट्रिज यांनी लिहिलेलंच आहे, त्यात कुणी हात घातलेला नाही."

त्यानं हात मागे घेतला. "हे पत्र कधी बघणार नाही, अशी सही केलीय मी अर्जात. सगळेच करतात. त्याशिवाय पत्राला किंमत नसते."

"आता कोण विचारतंय रे," कपाळाला रुमाल दाबून व्हर्न म्हणाला.

"सही केलीय."

लोरेननं कागद उचलला. "मी कुठे केलीय?"

ती उभ्या उभ्या वाचू लागली, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. टेरेल कागदाकडे पाहत नव्हता. उघड्या असलेल्या एका डोळ्यानं तो आईचा चेहरा पाहत होता.

शेवटाशी आल्यावर ती खुर्चीत बसली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.