चटणीच्या पुडीतली रंभाबाई

मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. साखर पेठेतल्या छोट्या वाचनालयात बाइंडर आला, पण त्याला द्यायचा गठ्ठा जागेवर नव्हता.

गठ्ठ्यात ‘रंभाबाई रहस्यमाले’चे अकराही भाग होते. वाचून वाचून ते खिळखिळे झाले होते. म्हणून ग्रंथपाल वैजयंतीताईंनी रविवारी ते चादरीच्या काठाच्या पट्टीने बांधून कपाटाखाली ठेवले होते. सोमवारी वाचनालय बंद होतं.

“चाव्या तुमच्याकडे, जबाबदारीही तुमची!” चिटणीस हिंदुराव गरजले. “सहा वाजता बैठक आहे. तोवर पुस्तकं आली नाहीत, तर उद्यापासून तुम्ही येऊ नका!”

वैजयंतीताई कोरडा, स्वच्छ चष्मा नुसत्या पुसत राहिल्या.

तेरा वर्षांची अंकिता त्यांची भाची. सुट्टीला मंद्रूपहून आली होती. तिने शेजारच्या शिवराजला आणि दहा वर्षांच्या सोनमला बाहेर पायरीवर ओढलं.

“कुलूप शाबूत आहे. खिडकीचे गजही. आता रंभाबाईंनी काय केलं असतं?”

“चहा प्यायला असता!” शिवराज म्हणाला. “अडुसष्ट वर्षांची रिटायर नर्स, गुडघे दुखतात, आणि म्हणे चोर पकडते! मला धावणारा, भिंतीवरून उड्या मारणारा डिटेक्टिव्ह पाहिजे!”

“म्हणून अकराही भाग दोनदा वाचलास का रे?” सोनमने विचारलं.

शिवराजचे कान लाल झाले. “ते... ती चोराला गोड बोलून घोळात घेते की, तेवढं लई भारी असतं.”

“भारी का, माहितीय?” अंकिता म्हणाली. “तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं! म्हातारीला काय कळतंय म्हणून चोर तिच्यासमोर खुशाल बोलतात, आणि तिथंच फसतात!”

“माझं पोट बोलायला लागलंय,” शिवराज म्हणाला.

खालच्या पायरीवर सोनमची आजी, फुलाबाई, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकत बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. रोज दुपारी सोनम तिला रंभाबाईची एक-दोन प्रकरणं वाचून दाखवायची. अकरावा भाग शेवटच्या प्रकरणापर्यंत आला होता.

शिवराजने पुडी उघडली. चटणीखालच्या कागदावर त्याची नजर गेली आणि तोंडातला घास तसाच राहिला.

“‘रंभाबाईंनी कंदील खाली ठेवला...’ अगं, हे तर अकराव्या भागातलं पान आहे!”

“आजी, हा कागद कुठला?” सोनम ओरडली.

“धोंडप्पाच्या रद्दीतला. आज सकाळीच आणलाय.” फुलाबाईचा हात थांबला. “म्हंजी... मी रंभाबाईच्याच पुड्या बांधल्या व्हय?”

“आजी, काल इथं कोण आलं होतं?”

“हिंदुराव सायेब की! फोनवर बोलत बोलत कुलूप काढलं, गठ्ठा वडला आन् रद्दीवाल्याच्या गाड्यावर ठिवला. बघितलंबी न्हाय त्यात काय हाय ते!”

“मग सकाळी सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी इचारलंच न्हाय!”

तिघं आत धावली. कपाटाखाली अंकिताने हात घातला. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिथंच होता! तोही तसल्याच पट्टीने बांधलेला. रद्दीत जायचा तो राहिला होता आणि रंभाबाई गेली होती.

दोन गल्ल्या पलीकडे धोंडप्पाचं दुकान. बेचाळीस अंशांच्या उन्हात फुलाबाई सगळ्यांच्या पुढे!

“गुडघे दुखत नाहीत का, आजी?” शिवराजने धापा टाकत विचारलं.

“दुखत्यात की! चल बिगीबिगी!”

गठ्ठा कोपऱ्यात पडला होता. पुस्तकं दहाच.

“अकरावं फाडलं की मी,” धोंडप्पा ओशाळून म्हणाला. “बांधणी सुटलेलीच होती. सगळी पानं आजींनीच नेली.”

बरीच पानं फुलाबाईच्या टोपलीत सापडली. पुड्यांमधून नऊ गेली होती. तिने डोळे मिटले आणि गिऱ्हाइकं सांगितली. शिंप्याकडे दोन, पिठाच्या गिरणीत तीन, दवाखान्यातल्या नर्सबाईंना एक, रिक्षा स्टँडवर एक, एक शिवराजची, आणि एक परगावच्या गिऱ्हाइकाला. पोरं उन्हातून पळत सुटली. पावणेसहापर्यंत आठ तेलकट पानं जमली.

सहा वाजता अंकिताने हिंदुरावांसमोर दोन्ही गठ्ठे ठेवले. त्यांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. वाजणारा फोन त्यांनी पहिल्यांदाच बंद केला.

“दुसरी चावी माझ्याकडेच असते. चूक माझी आहे, ताई. तुम्ही कुठेही जायचं नाही. शाबास रे पोरांनो! आणि आजी, तुमचं तर...”

“माझं ऱ्हाऊ द्या. म्होरल्या वेळी इचारा म्हंजी झालं!”

वैजयंतीताई हसता हसता रडल्या. चष्मा आता खरोखर पुसायला झाला होता.

रात्री जेवण झाल्यावर सोनमने शेवटचं प्रकरण वाचलं. “‘रंभाबाईंनी दिवाणखान्यात सगळ्यांकडे पाहिलं. मोत्यांची माळ चोरणारा माणूस इथेच बसलाय, त्या म्हणाल्या. त्याचं नाव...’”

पुढचं पान नव्हतं.

“निळा शर्ट, डाव्या हातात हेल्मेट,” फुलाबाई म्हणाली. “टेंभुर्णीला जायचंय म्हनला. नववी पुडी त्येचीच.”

“मी सांगतो, चोर कोण ते!” शिवराज म्हणाला. “मी वाचलंय!”

“गप ऱ्हा!” फुलाबाई कडाडली. “मी हुडकीन माझं मी!”

बुधवारी सकाळी अंकिताने मोठ्या अक्षरांत पान परत मागणारी चिठ्ठी लिहिली आणि टेंभुर्णीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. दुपारी तीनपर्यंत पान परत आलेलं नाही. तोवर फुलाबाईचा संशय गोष्टीतल्या स्वयंपाक्यावर आहे.