कोनाड्यातली सुपारी

देवघरातलं चांदीचं कडं गेलं आणि घरातल्या सगळ्यांची बोटं एकदम सोमीकडे वळली.

उपनिरीक्षक हर्षला पोचली तेव्हा पाहुणे अंगणात ताटकळत उभे होते. खालापूरच्या बाजूचं हे जुनं घर आणि मागची बाग बघायला सुट्टीच्या दिवशी मुंबईहून माणसं येत. सोनचाफा, जाम, कोकम दाखवून झालं की मालक हिरामणशेठ सगळ्यांना ओसरीवर बसवत आणि कड्याची गोष्ट सांगत. पणज्याने वाघ मारला, गोऱ्या साहेबाने खूश होऊन कडं दिलं. ते कडं कोनाड्यात ठेवून देवाच्या बरोबरीने पुजलं जाई.

सोमी बागेत कामाला, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. सकाळी फुलांची परडी देवघराच्या उंबऱ्याशी ठेवून गेली, एवढाच तिचा गुन्हा. शेठांची सून माधवी हिने पाहुण्यांदेखत तिला पदर झटकायला लावला. त्यातून चाफ्याची फुलं पडली, बाकी काही नाही. मग माधवीनेच पोलिसांना फोन केला.

हर्षलाने तरी वेगळं काय केलं? आल्या आल्या ती सोमीच्या झोपडीवर गेली. चुलीवरच्या पेजेच्या भांड्याचं झाकणसुद्धा उचलून पाहिलं. सारी वाडी दारात उभी राहून बघत होती. हाती काहीच लागलं नाही. उतरताना सोमी हळूच म्हणाली, "बाई, आता मना कोन कामाला घेल?"

हर्षलाला मान वर करवेना. तपासाच्या नावाखाली आपण नुसता बोभाटा केला, याची तिला मनापासून लाज वाटली.

परतल्यावर तिने देवघर पाहिलं. हे खरं तर आधी करायचं. कोनाड्यात कड्याच्या जागी एक सुपारी होती, हळदकुंकू वाहिलेली, वर अक्षता. माधवीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पूजा एकटे बाबाच करतात, म्हणाली. पाहुण्यांत सुप्रिया नावाची जुन्या वस्तूंची अभ्यासक होती. कड्याच्या आतली झिजलेली अक्षरं वाचायला माधवीने तिला मुद्दाम बोलावलं होतं. शेठ मात्र ते सारखं पुढच्या वेळेवर ढकलत होते, असं सुप्रिया म्हणाली.

हर्षलाने शेठांना समोर बसवलं.

"सकाळी पूजा केलीत?"

"रोज करतो."

"तेव्हा कडं होतं?"

"व्हतं ना. धुतलं, गंध लावला."

"सोमी कधी आली?"

"माझी पूजा आटपल्यावर."

"त्यानंतर आत कोण गेलं?"

"कोनी नाय. सून दारातनं डोकावली, तवा कडं गेल्यालं कळलं."

"मग ती सुपारी कोणी पुजली, शेठ?"

शेठ देवघराचं दार ओढून घ्यायला उठू लागले.

"माझी आई देवाचे टाक उजळायला द्यायची तेव्हा त्या जागी सुपारी ठेवायची," हर्षला म्हणाली. "जागा मोकळी राहू नये म्हणून. चोर वस्तू उचलतो आणि पळतो, मागे अक्षता वाहत बसत नाही. सोमी उंबऱ्याच्या आत येत नाही, माधवीताई पूजा करत नाहीत. पूजेच्या वेळी कडं जागेवर नव्हतंच. ते तुम्ही आधीच काढलंत, पण कोनाडा मोकळा सोडायला तुमचं मन धजलं नाही. सुप्रियाताईंना ती अक्षरं वाचू द्यायची नव्हती ना? आणि देवाची वस्तू तुम्ही कुठंही टाकणार नाही. देवाचं धान्यातच ठेवतात, तांदळात असेल."

शेठ उठले. कोठीतल्या तांदळात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी कडं बाहेर काढलं. सुप्रियाने भिंग लावून वाचलं. आत नाव होतं सखा ठाकूर.

"सोमीचा पणजा," शेठ म्हणाले. "वाघ त्यानं मारला. कडं आमच्याकडं ठेवाया दिलं व्हतं. बापानं मरताना मला सांगितलं. उजळाया दिलंय म्हनून आजचा दिवस काढनार व्हतो. तेवढ्यात सुनेनं सोमीचं नाव घेतलं."

"तिने पदर झटकला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"हितंच. ओसरीवर." त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. माधवी भिंतीला टेकून रडत होती.

शेठ कडं घेऊन सोमीपुढे गेले. तिने हात पुढे केला नाही.

"पदर समद्यांम्होरं झटकला, शेठ," ती म्हणाली. "मंग ह्ये बी समद्यांम्होरं सांगा."

शेठांनी पाहुण्यांना पुन्हा ओसरीवर बसवलं. तीच गोष्ट, पण या वेळी वाघ सख्याने मारला. आपण सकाळी गप्प का बसलो, तेही त्यांना सांगावं लागलं. कोणी त्यांना थांबवलं नाही. ते संपल्यावरच सोमीने कडं घेतलं आणि पदराच्या टोकाला घट्ट बांधलं.

हर्षलाने जीप तिथेच ठेवली आणि सोमीबरोबर डोंगराची वाट धरली. झडतीही सगळ्या वाडीसमोरच झाली होती. वाडीत पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे तिला चढ संपेपर्यंत सुचलं नाही.