इंदूबाईंचा कॅमेरा

छाया ठोंबरे दारात आली तेव्हा सुचेता टिपणीस बिरड्याचे वाल सोलत होती. कर्जतमधली ही एकुलती एक खासगी डिटेक्टिव्ह. पूर्वी विम्यासाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची, हल्ली मुलींच्या बापांसाठी होणारे जावई तपासायची. गाड्या बऱ्या, असं तिचं मत होतं. गाडीचा पोचा निदान दिसतो.

मदतीला नवरा, शरच्चंद्र. बँकेतून निवृत्त. तो गाडी चालवायचा आणि चुकीचे निष्कर्ष काढायचा. दोन्ही सावकाश.

छायाची नणंद जया शुक्रवारी पहाटे गाडीखाली मेली होती. जया नवऱ्याला सोडून कळंबला माहेरी राहायची आणि रोज उजाडताना नाक्यापर्यंत चालत जाऊन कर्जतच्या लॅबमध्ये कामाला निघायची. मागून पांढरी गाडी आली आणि तिला उडवून गेली. शेतावरच्या एका माणसाने धुक्यातून एवढंच पाहिलं. पांढरी. प्रेताजवळ हेडलाइटचा तुकडा सापडला, तो साईराजच्या गाडीला बरोब्बर बसला. साईराज म्हणजे छायाचा नवरा. आता कोठडीत.

"हे माझ्या शेजारी घोरत होते ताई," छाया म्हणाली. "शुक्रवारी यांची सुट्टी. पण बायकोनं ऐकलेलं घोरणं कोण पुरावा धरतंय?"

"गाडीची किल्ली कुठे असते?"

"सासूबाईंच्या चुलीमागं खिळ्याला. कुनीबी घेतंय."

"घरात दुसरी पांढरी गाडी?"

"थोरल्या भावजींची, जितेशभावजींची. सेम टू सेम. दोघांनी एकाच दिवशी घेतल्या, एकाची दुसऱ्यापेक्षा भारी निघायला नको म्हणून. त्यांची गाडी त्यांच्या रिसॉर्टवर असती. पण ताई, त्यांच्याकडं कॅमेरा होता ना."

कॅमेऱ्याची कथा अशी. गेल्या वर्षी हळदीकुंकवाच्या सोडतीत इंदूबाईंना, म्हणजे छायाच्या सासूला, गाडीत लावायचा कॅमेरा लागला. इंदूबाईंकडे गाडी नव्हती, पण मुलगे दोन होते आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. इंदूबाईंनी वाटणी केली. सोम, बुध, शुक्र जितेश. मंगळ, गुरु, शनि साईराज. रविवार देवाचा. रोज रात्री कॅमेरा देव्हाऱ्यात, सकाळी ज्याचा वार त्याच्या हातात.

"एवढ्याशा वस्तूवरून किती जीव जाळायचा," छाया म्हणाली. "परवाच्या मंगळवारी बी हे गाडीत बसून त्याची बटणं दाबत होते आन भावाला शिव्या घालत होते. कामावर उशीर."

शुक्रवारी कॅमेरा जितेशकडे होता. जया मेली त्या वेळेला जितेश खोपोलीच्या वाटेवर होता, याचं आख्खं चित्रण त्याने पोलिसांना दिलं. कोपऱ्यात तारीख, वेळ, सगळं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. वर बहिणीला भावपूर्ण श्रद्धांजली, खाली स्वतःच्या निर्दोषपणाचा व्हिडिओ. सत्तावीस जणांनी हात जोडले होते. कशाला, ते कळायला मार्ग नव्हता.

"जया मेल्याने कोणाचा फायदा?" सुचेताने विचारलं.

छाया खाली बघत म्हणाली, की रस्त्याकडेची जमीन बाहेरच्या एका रिसॉर्टवाल्या पार्टीला एकगठ्ठा हवी होती. जया सही देत नव्हती. "दोघा भावांचा फायदा ताई. खोटं कशाला बोलू. आमचा पन."

सुचेताने वालाचं भांडं नवऱ्याच्या हातात दिलं आणि ती चपला घालायला गेली.

वाटेत शरच्चंद्रने निकाल लावला. काच साईराजच्या गाडीची, व्हिडिओ जितेशच्या बाजूने. म्हणजे साईराजच.

"तुम्ही रस्त्याकडे बघा," सुचेता म्हणाली. ती मागे बसलेल्या छायाच्या फोनवर शुक्रवारची क्लिप तिसऱ्यांदा बघत होती. धुकं, साइडपट्टी, एक कुत्रा, कर्जत, मग खोपोलीचा रस्ता. उजव्या कोपऱ्यात वर एक लालसर डाग.

"हे लाल काय आहे?"

शरच्चंद्रने गाडी बाजूला घेऊन पाहिलं. "सूर्य उगवतोय."

"खोपोलीला जाताना पूर्व डावीकडे येते. आणि तुमचा सूर्य वळणावर गाडीबरोबर वळतोय."

त्याने क्लिप पुढे पाहिली आणि त्याला एकदम आनंद झाला. शिळफाट्यावर पोपटकाकांचा बॅनर होता. पोपटकाका ठोंबरे, भावकीतले पुढारी, गेल्या मंगळवारी रात्री गेले. "बघ, श्रद्धांजलीचा बॅनर. म्हणजे चित्रण मंगळवारनंतरचंच. जितेश खरं बोलतोय."

"अक्षरं वाचता येतात?"

"धुक्यामुळे नाही येत. पण फोटो काकांचाच. गॉगल, हात जोडलेले."

"रविवारी काकांचा वाढदिवस होता. तेव्हाही तोच बॅनर, तोच गॉगल, तेच हात. कार्यकर्त्यांनी फक्त अक्षरं बदलली."

कळंबला ठोंबऱ्यांच्या घरी दोन सुतकं एकदम चालू होती. पोपटकाकांचं आधीपासून, त्यात जयाचं. इंदूबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. सुचेताने मुलीबद्दल विचारलं तेव्हा त्या दोन वाक्यं बोलल्या. सुतकाबद्दल विचारलं तेव्हा थांबेचनात.

देव्हाऱ्याला पडदा. दिवा नाय, फूल नाय. कॅमेरा तेव्हापासून फ्रिजवर.

"एरवी कॅमेरा देता तेव्हा त्याची पूजा करता?"

"करनारच की. रोज कुंकू लावते. गाडीवर जायाची वस्तू, तिला काय तसंच पाठवायचं?"

"कुठे लावता?"

"त्याच्या डोळ्याच्या वर. कवा डोळ्यावर बी जातंय. मला कुठं नीट दिसतंय."

"मुलगे पुसतात?"

इंदूबाईंचा चेहरा आंबट झाला. साईराज पुसायचा. फाटकाबाहेर गेला की रुमालाने घासून घासून. आईचं कुंकू त्याला घाण वाटायचं. "माजा जितेश कवाच पुसत नाय. म्हणतो, आये, तुजा आशीर्वाद हाय."

जितेश रिसॉर्टच्या रिकाम्या स्विमिंग पूलच्या काठावर भेटला. पाणी काढलेलं, तळाला एक प्लास्टिकचं बदक आडवं. दुखवट्यात बंद ठेवलंय, असं तो म्हणाला. बोलायला गोड. बहिणीची आठवण काढून त्याने दोनदा डोळे पुसले, दोन्ही वेळा कोरडेच.

शुक्रवारी आईकडून कॅमेरा घेतला, इथं येऊन गाडीला लावला आणि एकटाच खोपोलीला गेलो, असं त्याने सांगितलं. पार्टीला भेटायला, पण पार्टी आली नाही. फोन घरीच विसरला होता.

"कॅमेऱ्यात आधीच्या दिवसांची चित्रणं असतील ना?"

"मंगळवारपासूनची हायेत. पोलिसांनी बघितली."

"सोमवार तर तुमचा वार."

"सोमवारी मी कुठं गेलोच नाय मॅडम."

संध्याकाळी सुचेताने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. फौजदारही आले, कारण एका चोरीच्या ट्रकच्या भानगडीत तिने त्यांची अब्रू वाचवली होती आणि ते त्यांना विसरता येत नव्हतं. जितेश खुर्चीत, इंदूबाई भिंतीला, छाया खांबाआड.

सुचेताने आधी गुरुवारची क्लिप लावली, साईराजची, छायाच्या फोनवरची. स्वच्छ. मग शुक्रवारची. वर उजवीकडे लाल डाग.

"हा डाग कुंकवाचा आहे," ती म्हणाली. "काचेवर लागलेला. म्हणून तो वळणावर हलत नाही. मंगळवार सकाळपर्यंत इंदूबाई रोज कुंकू लावत होत्या. मंगळवारी साईराजने नेहमीसारखं पुसलं. मंगळवारी रात्री पोपटकाका गेले, सुतक लागलं. बुधवारी कुंकू नाही. गुरुवारी नाही, ते आत्ता पाहिलंत. मग शुक्रवारी कॅमेऱ्याला कुंकू आलं कुठून?"

फौजदारांनी मान तिरकी करून डागाकडे पाहिलं. त्यांनीही तो सूर्यच धरला होता.

"मीच लावलं," जितेश म्हणाला. गडबडीत नाही, शांतपणे. "आईच्या हातचं नव्हतं, म्हनून मीच बोट लावलं. चुकलं काय?"

तो सुटला होता. शरच्चंद्रने सुचेताकडे पाहिलं. पण उत्तर भिंतीजवळून आलं.

"माज्या घरात सुतकात कुंकू?" इंदूबाई ताठ झाल्या. "करंडा कपाटात कुलपात हाय. बुधवारपासनं. किल्ली ही माज्या कमरेला. भावकीत काय सांगत सुटशील, इंदूबाईनं सुतक मोडलं म्हणून? शुक्रवारी मी सोता फडक्यानं पुसून दिला तुला."

"आये, गप ऱ्हा."

"का गप राहू? मी सुतक पाळलंय."

जितेशच्या तोंडाचा रंग गेला. आईला अजून कळलं नव्हतं तिने काय केलं ते. घराची लाज राखली, एवढंच तिला कळलं होतं.

"पण तारीख शुक्रवारची दिसतेय," फौजदार म्हणाले.

"कॅमेऱ्याला जी तारीख सांगाल ती तो छापतो. कॅलेंडर बघत नाही. हे चित्रण सोमवारचं. जितेशचा वार, आईचं ताजं कुंकू, शिळफाट्यावर काकांच्या वाढदिवसाचा बॅनर. त्याने तारीख शुक्रवारवर ढकलली, पहाटे खोपोलीला जाऊन आला, क्लिप ठेवून दिली. शुक्रवारी चुलीमागची किल्ली घेतली, भावाची गाडी काढली. काच भावाच्या गाडीची फुटावी म्हणून. त्याची स्वतःची गाडी पूर्ण वेळ रिसॉर्टवर होती."

"म्हंजे अपघात..." छाया पुटपुटली.

"अपघाताची सोमवारी कोणी रंगीत तालीम करत नाही. एका दगडात दोन पक्षी होते. बहीण रस्त्यावर, भाऊ तुरुंगात, जमीन एकगठ्ठा. मधल्या दिवसांत पोपटकाका मरतील, हे तेवढं त्याने धरलं नव्हतं."

जितेशने एकदा आईकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "पुसायला पायजे होतं."

फौजदार त्याला घेऊन गेले. कॅमेराही पिशवीत घालून नेला. तेव्हा कुठे इंदूबाईंना कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साईराज सुटून आला. अंगाला कोठडीचा वास, शर्टाची दोन बटणं गेलेली. छायाने पाण्याचा तांब्या दिला. सुचेता पैशांसाठी नव्हती थांबली. तिला एक गोष्ट विचारायची राहिली होती.

"मंगळवारी तुम्ही कॅमेऱ्याची बटणं का दाबत होता?"

"तारीख," साईराज म्हणाला. "त्या हरामखोरानं शुक्रवार करून ठेवलेला. मीच नीट केली."



"शुक्रवार," सुचेता म्हणाली. "आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कुनाला सांगू? त्याच्याशी बोलणं बंद. आईला सांगितलं असतं तर म्हनली असती मीच बिघडवला. वाटलं, माझ्या क्लिपा खराब करायला केलंय."

"जयाला?"

"तिच्याशी बी बंद होतं. सही देत नव्हती ना."

पाणी पिऊन त्याने तोंड पुसलं. फ्रिजवर नजर टाकली, मग देव्हाऱ्याच्या पडद्याकडे.

"आये, कॅमेरा?"

"पोलिसांनी नेलाय. केस झाली की देतील." इंदूबाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "आता वाटणी कसली रं. एकच राहिलास. सगळे वार तुझेच."

साईराजने तांब्या खाली ठेवला. थोडा विचार केला.

"रविवार बी?"