सात रेघांचा क्लेम

इंग्रिड पायबसची चित्रं वर्षागणिक रोडावत चालली होती. एके काळी ती शर्टाच्या बटणातला दोरासुद्धा रंगवायची. पन्नाशीनंतर तिला एकच खूळ लागलं, की किती कमी रेघांत माणूस तोच माणूस राहतो. यंदाच्या व्यक्तिचित्र स्पर्धेसाठी तिने वडिलांनाच खुर्चीत बसवलं. म्हातारा क्लेम चेष्टेखोर होता. सिग्नेटच्या खाडीवर त्याने जन्मभर होड्या बांधल्या होत्या.

तिची पद्धत साधी होती. आधी कोळशाने पुरता चेहरा काढायचा, मग ताज्या पावाचा गर मळून एकेक रेघ टिपून घ्यायची. फोटो काढायचा नाही, नक्कल ठेवायची नाही. काळा पडलेला पाव ती मागच्या अंगणात कोंबड्यांना टाकायची.

"म्हणजे माझा कान कोंबडीनं खाल्ला म्हण की," क्लेम म्हणाला.

"हलू नकोस, बाबा."

"ऐकू येत नाही गं. कान कुठाय?"

त्याच आठवड्यात बेकरीतल्या बेव्हने क्लेमला त्याचं नाव विचारलं. चाळीस वर्षं दर शुक्रवारी तो तिच्याकडून शिंपल्यांचं पॅटिस घ्यायचा. इंग्रिडला वाटलं, बेव्हच आता थकली.

मग जबडा पुसला गेला, आणि होडीक्लबात क्लेमला त्याच्याच खुर्चीवरून कुणीतरी नम्रपणे उठवलं. पाहुण्यांनी तिकडे बसायचं असतं म्हणे. उठवणारा क्लेमच्याच हाताखाली रंधा धरायला शिकलेला. क्लेमने हे घरी हसत सांगितलं, पण तो जेवला नाही.

चित्र मात्र देखणं होत गेलं. आठ रेघा उरल्या होत्या. लपवण्यात अर्थ नाही, रेघ पुसली की क्लेमही लोकांच्या आठवणीतून पुसला जातो, हे इंग्रिडला तोवर कळून चुकलं होतं. तरीही तिने भुवईची रेघ टिपली, कारण चित्राला ती नको होती. सात उरल्या.

पुढच्या शुक्रवारी क्लेम बेकरीतून रिकाम्या हाताने आला आणि गाडीतच बसून राहिला. ती बाहेर गेली.

"मी बेव्हला म्हटलं, अगं, तुझ्या लग्नात मी नाचलो होतो. तिनं अल्बमच पुढं ठेवला." त्याचे हात अजून स्टिअरिंगवर होते. "त्यात मी नव्हतो, इंग्रिड. मग मी होतो कुठं?"

तो रडत होता. आई गेली तेव्हासुद्धा तो तिच्यासमोर रडला नव्हता.

ती आत धावली. कोळसा उचलला. भुवई आठवेना. खिडकीतून गाडीतल्या क्लेमकडे पाहिलं, तरी नजर कागदावर आली की ती निसटायची. रोज दोन तास समोर बसणारा माणूस, आणि त्याची भुवई तिला आठवेना.

तिने भिंतीवरचा आरसा उतरवला.

पोरगी थेट बापाच्या वळणावर गेलीय, असं सगळं गाव म्हणायचं. आरशातली स्वतःची भुवई तिने कागदावर उतरवली. मग जबडा. मग कान.

हात थांबला तेव्हा कागदावरून क्लेम तिच्याकडे बघत होता, अगदी पुरता.

फोन वाजला.

"क्लेम पायबसचं घर ना? मी बेव्ह, बेकरीतून. त्याला जरा निरोप द्याल का? त्याचं पॅटिस गार होतंय म्हणावं. आणि सकाळी मला काय झालं होतं कोण जाणे, माफ कर म्हणावं."

इंग्रिडने हो म्हटलं. तिला हसू येत होतं आणि डोळे वाहत होते. ती तशीच बाहेर पळाली. क्लेम गाडीतून उतरत होता.

"बाबा, बेव्हचा फोन होता."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि अदबीने टोपी काढली.

"चित्रासाठी आलात का? या ना. मुलगी आत काम करतेय."

"बाबा, मी..."

"थांबा, बोलावतो तिला." तो खिडकीकडे वळला. "इंग्रिड, तुझ्याकडं कुणी बाई आल्यात गं."

"आले, बाबा," आतून तिचाच आवाज आला, आणि खुर्ची मागे सरकली.