तेरणेच्या वाळूतला तिसरा ढीग

ही घटना खरी आहे. जिच्यासोबत ती घडली ती द्वारकाबाई माझी सख्खी मावशी. खोटं बोलून तिला काही मिळणार नव्हतं.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही तशी नाही.

हे घडलं भर दुपारी बारा वाजता, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, तेर गावाच्या वरच्या अंगाला तेरणा नदीच्या वाळूत. साल एकोणीसशे साठ. चैत्र सरत आला होता.

तेव्हा उन्हाळ्यात तेरणा आटायची आणि उघड्या पडलेल्या वाळूत लोक टरबुजांच्या वाड्या लावायचे. वाळूत झिरा खणून घागरीनं पाणी घालायचं. एकट्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून वाडी दोघांत. दुपारी माल काढला की एकानं दोन ढीग लावायचे आणि दुसऱ्यानं त्यातला हवा तो आधी घ्यायचा. लावणाऱ्याला उरलेला मिळायचा, म्हणून तो ढीग सारखेच लावायचा. भांडणाला जागाच नव्हती.

मावशीचा नवरा महारुद्र आणि त्याचा चुलतभाऊ बलभीम यांची अशीच वाडी होती. महारुद्र प्रत्येक टरबूज कानाशी नेऊन बोटानं वाजवायचा. टक... टक... आवाजावरून पिकलेलं ओळखायचा.

साठ सालाच्या सात वर्षं आधी एका दुपारी बलभीमनं ढीग लावले. एक मोठा, एक लहान.

महारुद्रानं हसून मोठा घेतला. रीतच तशी होती.

बलभीमनं कुदळ उचलली.

लोक धावत आले तेव्हा तो खोपीच्या सावलीत बसून जेवत होता. स्वतःची भाकरी संपवून त्यानं महारुद्राची शिदोरी सोडली होती.

कोर्टात विचारलं, ढीग लहान-मोठे का लावले? म्हणाला, घेतो का ते बघत होतो. आणि त्याची भाकरी का खाल्ली?

“वाया गेली असती.”

रागाच्या भरात झालं असं ठरलं. दहा वर्षांची शिक्षा झाली. मावशी म्हणायची, राग असता तर बरं होतं गं, राग कधीतरी निवतो.

चांगल्या वागणुकीची सूट मिळून तो सात वर्षांत सुटला. गावात आला तो थेट मावशीच्या उंबऱ्यावर. पाया पडला. सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. वर बघितलं तेव्हा डोळे कोरडे होते, पण ते फक्त मावशीला दिसलं.

पोलीस पाटील महालिंगप्पा विचारी माणूस. त्यांनी ठरवलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत याला राहू द्यायचं. त्या दिवशी द्वारकानं चावडीवर सांगायचं. राहू दे म्हणाली तर कायमचा राहील, नको म्हणाली तर दुसरीकडं जाईल. तोवर वाडी द्वारकानं आणि त्यानं मिळून करायची.

बलभीम बैलासारखा राबला. म्हाताऱ्यांची ओझी वाहिली, देवळापुढं झाडलं. गाव हळूहळू त्याच्याकडं झुकलं. शेजारची सिताबाई तर पाणवठ्यावर म्हणाली, “आमच्या दादल्यालाबी न्या बाई सात वर्सं. असा सुधारून येत असंल तर म्या भाकरी पोचवीन.”

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही.

तिला एकच बघायचं होतं. एकदा तरी याच्या पोटात काही तुटतं का. तुटलं तर ती राहू दे म्हणणार होती.

चैत्रातल्या त्या दुपारी माल निघाला. बलभीमनं दोन ढीग लावले. अगदी सारखे. मावशी झिऱ्यावर हात धुवायला वळली. परत फिरली तर...

ढीग तीन होते.

तिसरा जरा लांब, वाळूच्या उंचवट्यावर. त्यात एकच टरबूज. बलभीम खोपीत पाठ करून बसलेला. भोवती पाऊल नाही. वाळू कोरी.

तिनं हाक मारली. तो आला, बघितलं, टरबूज गुडघ्यावर फोडलं आणि खाल्लं.

“गोड हाय, वहिनी,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. त्यानं रोज ते फोडून खाल्लं.

पाचव्या दिवशी वारा पडला होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. आणि वेलांमधून आवाज आला...

टक... टक...

मावशीच्या हातातली घागर निसटली. वाडीत तिसरं कुणी नव्हतं. आवाज एका वेलावरून दुसऱ्या वेलावर सरकत होता. थांबत. कान देत. पुन्हा... टक.

तिनं बलभीमकडं बघितलं. तो भाकरीवर मिरचीचा ठेचा लावत होता.

“भावजी... ऐकू येतंय?”

“येतंय की.”

“कोण हाय?”

“महारुद्र. दुसरं कोण? तुरुंगातबी यायचा. रोज दुपारी. भिंतीवर वाजवत बसायचा.”

सात वर्षं, रोज?

“भ्या वाटलं न्हाय?”

बलभीम घास हातात धरून खरंच विचार करू लागला. परीक्षेत न येणारं गणित पडावं तसा.

“कशाचं, वहिनी? येतो, बसतो, जातो. आपलं काय घेतो?”

त्या दिवसापासून आवाज वाडीतून हलला.

आधी मावशीच्या घरामागच्या परड्यात आला. मग ओसरीवर. बरोबर बारा वाजता, पाण्याच्या रांजणावर... टक... टक... ज्या नवऱ्यासाठी ती सात वर्षं रडली होती, त्याच्या बोटांचा आवाज आला की ती दाराला कडी घालून कोपऱ्यात बसायची. तिला वाटायचं, ज्याला भ्यायला हवं तो भीत नाही, म्हणून हे माझ्याकडं आलं. आपण खुन्याशेजारी बसून खातो, म्हणून धनी आपल्यावरच कोपलेत.

अक्षय्य तृतीया उजाडली. पितरांची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं. मावशीनं पूजा उरकली आणि चावडीवर जायच्या आधी वाडीवर गेली. ऊन डोक्यावर आलं होतं.

बलभीमनं ढीग लावून ठेवले होते. आज तिन्ही त्यानंच. सारखे.

“तुमी आधी घ्या, वहिनी. मग त्यो. मग मी,” तो हसत म्हणाला. हसू अगदी चांगल्या माणसाचं.

मावशीनं ढिगांना हात लावला नाही. तिनं सरळ विचारलं.

“भावजी, त्या दिवसासारखं परत मनात आलं तर?”

“आता न्हाय मारणार.”

“का?”

“लोक बघत्यात की. महालिंगप्पा हाय, तुमी हाय.”

“आन् कुणी बघत नसंल तर?”

तो पुन्हा विचारात पडला. लपवाछपवी नव्हती. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलावं, एवढंही त्या घडीला त्याला सुचलं नाही.

“तवाचं तवा बघू.”

त्याच वेळी तिच्या कानाशी... अगदी कानाशी... टक.

मावशी वळली ती चावडीपर्यंत पळत गेली. सगळं गाव जमलं होतं. महालिंगप्पांनी विचारलं, द्वारका, काय म्हणतीस?

“नको,” ती म्हणाली. एवढंच.

का, ते तिनं सांगितलं नाही. बलभीमच्या तोंडून जे ऐकलं ते सांगितलं नाही. रांजणावरचा आवाज सांगितला तर बाई येडी झाली म्हणतील. आणि एक सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं. बायका कुजबुजल्या, केवढं हे दगडाचं काळीज.

बलभीमनं रुसवा धरला नाही. सगळ्यांना रामराम केला, मावशीच्या पाया पडला आणि वळकटी घेऊन निघून गेला. अणदूरकडं कुणाच्या तरी शेतावर राहिला, असं पुढं कळलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले.

रांजण गप्प होता.

तिसऱ्या दिवशीही गप्प. मावशीला वाटलं, धनी शांत झाले. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

दोन वर्षं गेली.

मग एका दुपारी दारात एक परकी बाई उभी राहिली. तिशीची असेल. कपाळ मोकळं. पाय धुळीनं माखलेले. नाव अयोध्या, गाव अणदूरजवळचं. मावशीनं पाणी दिलं. बाईनं तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“बलभीम तुमच्याकडं होता न्हवं?”

मावशीनं मान हलवली.

“आमच्या धन्यासंगं अर्ध्या वाट्यानं शेत करायचा. लई गुणाचा वाटला. मागच्या सुगीत मळ्यावर दोघंच होते...”

पुढचं तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

अयोध्यानं हळूच विचारलं,

“बाई, तुमच्याकडं दुपारचं कोण वाजवायचं?”

माझे मालक, मावशी म्हणाली.

“एकलेच?”

“एकलेच.”

अयोध्या तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहिली.

“आमच्याकडं दोघं वाजवत्यात.”

मावशी मला हे शेवटचं सांगत होती तेव्हा नव्वदीला टेकली होती. मी तिला विचारलं, तुझे धनी तुला घाबरवायला येत होते की काही सांगायला?

ती म्हणाली, “मला वाटलं, बलभीम आपल्या गावातनं गेला म्हंजी गेला.”

आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.