दोन टोपणं

“पुन्हा त्याचीच रोपं हिरवीगार! आणि माझी बघ, कशी माना टाकून बसलीत!”

ठिणगीने काचघरात असा काही पाय आपटला, की शेजारची रिकामी झारी धाडकन कलंडली. तिच्यामागे उभा असलेला शेपूट दोन पावलं मागे सरकला. शेपूट म्हणजे तिचा सात वर्षांचा भाऊ. ताई जिथे जाईल तिथे हा मागे हजर, म्हणून शेपूट. आणि ठिणगी इतक्या पटकन पेटायची, की तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

दोघं सुट्टीत आत्याच्या रोपवाटिकेत आली होती. यंदा त्यांचा चुलतभाऊही आला होता. नाकावर चष्मा, खिशात वही आणि कुणी विचारलं नसलं तरी उत्तर तयार! त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. पहिल्याच दिवशी आत्याने ठिणगी आणि प्रोफेसरला जाहीर केलं, “तुम्हा दोघांना एकेक ट्रे. बारा खळगे, घेवड्याची बारा रोपं. महिनाअखेर ज्याचा ट्रे टवटवीत, त्याला रोपं ठेवायला खिडकीजवळचा बाक. वर्षभर फक्त त्याचा. वर नावसुद्धा रंगवून देईन!”

खिडकीजवळच्या बाकावर ठिणगीचा तीन वर्षांपासून डोळा होता. आता तो हा कालचा आलेला प्रोफेसर घेऊन जाणार?

“तू पाणी जास्त घालतेस,” प्रोफेसर वहीत बघत म्हणाला.

“तुला कोणी विचारलं?”

“मी फक्त निरीक्षण नोंदवतोय.”

“मग ठिणगी चिडली, हेही नोंदव!”

“ते कालच नोंदवलंय.”

तेवढ्यात आत्या आली. तिच्या स्वतःच्या साडेतीनशे रोपांचीही पानं कडेने करपायला लागली होती, त्यामुळे तिचा चेहरा उतरलेला होता. पण प्रोफेसरचा ट्रे पाहिला आणि ती खुलली. “वा रे पठ्ठ्या! तुझ्या हाताला गुण आहे हो!” मग ठिणगीकडे वळून म्हणाली, “ठिणगे, जरा त्याच्याकडून शीक.”

झालं! ठिणगी पेटलीच. तीन वर्षं सुट्टीभर आत्याच्या हाताखाली राबायचं हिने, आणि शीक म्हणे त्याच्याकडून!

दुपारी सगळे जेवून आडवे झाले, तेव्हा ती एकटीच काचघरात शिरली. एकटी म्हणजे, शेपूट होताच.

‘एकच,’ तिने मनाशी म्हटलं. ‘एकच रोप. म्हणजे त्याचाही तोरा जरा उतरेल.’ आणि प्रोफेसरच्या ट्रेमधलं कोपऱ्यातलं रोप तिने सरळ मुळासकट उपटलं.

“ताई! ते दादाचं आहे!”

“गप्प बस!”

पण मग तिने हातातलं रोप डोळ्यांजवळ नेलं. त्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आतून गुलाबी! माती काळपट, ओलसर, आणि तिच्यात गोगलगाईचा इवलासा शंख. तिने स्वतःचं एक रोप उपसून पाहिलं. मुळं तपकिरी, बारीक, आणि गाठ औषधालासुद्धा नाही. मातीही भुरी, पिठासारखी. ही तर आत्याची भाजलेली माती. कीड येऊ नये म्हणून आत्या सगळी माती मोठ्या पत्र्यावर भाजून घ्यायची. तीच वापरायची, असा नियमच होता.

“माझं रोप तुझ्या हातात काय करतंय?”

दारात प्रोफेसर उभा! चष्म्याआडून त्याचे डोळे वटारलेले.

थाप मारता आली असती. मांजर आलं होतं, असं म्हणायला काय जातंय? पण शेपूट आ वासून बघत होता, आणि ठिणगीची खोटं बोलताना कानशिलं तापायची.

“मी उपटलं,” ती म्हणाली. “जळत होते तुझ्यावर. म्हणून उपटलं.”

प्रोफेसरचा चेहरा रडवेला झाला. मग त्याने नाक ओढलं आणि रोप हातात घेतलं. “या गाठी…” तो पुटपुटला. “ठिणगे, माझंही एक पाप आहे. भाजलेली माती संपली होती. पुन्हा आणायचा कंटाळा आला. मी अवजारांच्या खोलीमागच्या नळाजवळची माती भरली. आत्याला सांगू नकोस!”

“लबाडा! आणि वर मला पाण्यावरून शिकवतोस?”

पण दुसऱ्याच क्षणी ती थबकली. नळाजवळ तर रोपवाटिकेचे मुकादमकाका झाऱ्या खळाळून धुतात! किडीच्या औषधाचं पाणी तिथेच सांडतं, वर्षानुवर्षं. तिघं धावत खोलीमागे गेली. बघतात तर काय, एवढं औषध पिऊनही तिथलं गवत गुडघाभर, हिरवंकच्च!

“चक्रावलोच मी,” प्रोफेसर वही चाळत म्हणाला. “थांब. तुझी रोपं पहिल्यांदा मलूल कधी झाली? मंगळवारी. आत्याची? मंगळवारी. नंतर जास्त कधी? पुढच्या दोन्ही मंगळवारी!”

“आणि सोमवारी काका मुळाशी औषध ओततात,” ठिणगी म्हणाली.

आज सोमवारच होता! तिघं अवजारांच्या खोलीच्या खिडकीखाली दबा धरून बसली. चार वाजता मुकादमकाका आले. हातमोजे चढवले, झारी भरली आणि नव्या मोठ्या कॅनचं टोपण काढलं. भिंतीवर आत्याच्या अक्षरात पाटी होती: झारीला दोन टोपणं. काकांनी मोजून दोन टोपणं ओतली. एक थेंब इकडेतिकडे नाही!

“बरोबर तर घालताहेत,” प्रोफेसर हिरमुसला.

“केवढं मोठं टोपण!” शेपूट कुजबुजला. “त्या छोट्या बाटलीचं किती चिमुकलं आहे.”

दोघांनी एकदमच फळीकडे पाहिलं. तिथे जुनी रिकामी बाटली होती. औषध तेच, लेबल तेच, टोपण मात्र बोटाच्या पेराएवढं! ठिणगीने शेपटाचा गालगुच्चा घेतला. मग ती उठून थेट दारात गेली. “काका, माप चुकतंय!”

“चुकतंय?” काकांच्या मिशा थरथरल्या. “वीस वर्षं दोनच टोपणं घालतोय मी! तुझा पत्ताही नव्हता तेव्हापासून! पळा इथून, औषधाजवळ पोरांचं काम नाही!”

“आता?” प्रोफेसर म्हणाला. “झारी तर निघाली काचघराकडे!”

ठिणगी विचारात पडली. काका समजावून ऐकणारे नव्हते. पण एखाद्याला आतून कसं पेटवायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? महिनाभर तिने दुसरं केलं काय होतं!

“तू आत्याला बोलाव. मापाचं भांडंही आण. पळ!”

काकांसमोरून जाताना ती मोठ्याने म्हणाली, “शेपटा, काही म्हण, पलीकडच्या रोपवाटिकेतल्या माळीदादांसारखं माप कुणाला जमायचं नाही. डोळे मिटून ओततात म्हणे, तरी अचूक!”

काका थांबले. झारी खाली ठेवली.

“कोण? तो? त्याला झारी धरायला मी शिकवलंय!”

“असेल. पण लोक त्यांचंच नाव घेतात.”

“लोकांना काय कळतंय! आण भांडं! टोपणं धुऊन आणतो. साध्या पाण्याने दाखवतो, आत्ताच्या आत्ता!”

आत्या पदराला हात पुसत आली, तेव्हा काका बाह्या सरसावून उभे होते. नव्या कॅनच्या टोपणाने त्यांनी दोनदा पाणी ओतलं. प्रोफेसरने वाकून आकडा वाचला. “चाळीस.”

“बघा! काटेकोर!” काका म्हणाले.

“आता जुन्या बाटलीचं,” ठिणगी हळूच म्हणाली.

काकांनी ते चिमुकलं टोपणही दोनदा ओतलं. भांड्याचा तळ जेमतेम झाकला.

“दहा,” प्रोफेसर म्हणाला.

काकांनी एकदा या टोपणाकडे पाहिलं, एकदा त्या. मग मटकन बादलीवर बसले. “चौपट! अरे देवा, तीन सोमवार चौपट ओतलं मी!”

“तुमचा एकट्याचा दोष नाही,” आत्या म्हणाली. “पाटी माझ्याच हातची आहे. कॅन बदलला, पाटी बदलायची मलाच सुचलं नाही.”

दोन दिवसांनी माती तपासणाऱ्या बाई आल्या. भिंगातून त्यांनी दोन्ही ट्रेमधली मुळं न्याहाळली. “रोपाला त्रास झाला की ते मुळांतून रस सोडतं,” त्या म्हणाल्या. “मातीतले सूक्ष्म जीव त्या रसाकडे येतात, आणि त्यांतले काही रोपाला सावरतात. पण तुम्ही माती भाजून ठेवलीत. मग हाक मारली तरी येणार कोण? नळाजवळच्या मातीतले जीव या औषधाला सरावलेले दिसतात. काही तर औषधच मोडून खात असतील. नक्की काय ते तपासून कळवते. पण चौपट मारा त्यांनाही फार दिवस सोसत नाही हं! या मुळांवरच्याही बऱ्याच गाठी सुकायला लागल्यात.”

“म्हणजे अजून दोन सोमवार गेले असते तर?” आत्याने विचारलं.

“तर काचघर रिकामं करावं लागलं असतं.”

आत्याने तिघांनाही जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो! माझी साडेतीनशे रोपं तुम्ही वाचवलीत!” काकांनी तर शेपटाला खांद्यावरच घेतलं.

मग निकालाची वेळ आली. ठिणगीच्या ट्रेमध्ये तीन रोपं कशीबशी तग धरून होती. आत्याने प्रोफेसरची मोजली. “दहा, अकरा… बारावं कुठे गेलं?”

प्रोफेसरने चपला न्याहाळायला सुरुवात केली. तो काही बोलणार नव्हता, हे ठिणगीला कळलं. तेच तिला जास्त लागलं.

“मी उपटलं, आत्या,” ती म्हणाली. “हेवा वाटला म्हणून.”

“आणि मी न भाजलेली माती भरली. आळस म्हणून,” प्रोफेसर घाईघाईने म्हणाला.

आत्या कमरेवर हात ठेवून दोघांकडे वळली. “माती न भाजल्याबद्दल रागवायचं की पाठ थोपटायची, हे मलाच कळत नाहीये. पण टवटवीत ट्रे त्याचा, त्यामुळे बाक त्याचाच. ठिणगे, नवी पाटी मात्र तू रंगवायचीस. टोपणं नाहीत, नीट मिलिलिटर लिहायचे. मापातली चूक हुडकलीस तू, आणि स्वतःचीही लपवली नाहीस. अशी माणसं मला कामाला हवीत.”

ठिणगीने मान हलवली. कौतुक गोड होतं, पण बाक गेला तो गेलाच.

संध्याकाळी ती पाटी रंगवत होती, तेव्हा प्रोफेसर आला. बाकावर त्याचं नाव अजून ओलं होतं. त्याच्या हातात त्याचा ट्रे होता आणि मुठीत नळाजवळची काळी माती.

“हा बारावा खळगा रिकामा बरा दिसत नाही,” तो म्हणाला. “तुझ्यातलं एक रोप दे. जगतं का बघू.”

“नाही जगलं तर?”

“तर पुन्हा उपट.”

ठिणगीला हसू आवरेना. हात धुऊन तिने तिच्या तीन रोपांतलं सगळ्यात धडधाकट निवडलं आणि त्याच्या मातीत, त्याच्या बाकावर लावलं.

“अजून जळतेस का माझ्यावर?” प्रोफेसरने विचारलं.

“हो,” ठिणगी म्हणाली. “थोडीशी. नोंदव.”

त्याने वही काढली आणि खरंच नोंदवलं.