सुतकातला अंगारा

“बाई, लवकर चला. म्हातारीचे हात गार पडलेत.”

नर्स सावित्रीबाई दारातूनच म्हणाल्या आणि डॉक्टर इंदुताई हातातला चहा टाकून धावल्या. सत्तावन्न सालचा उन्हाळा होता. चिंचवडच्या त्या लहान दवाखान्यात कालच त्यांनी महाळुंग्याच्या गवराबाईंच्या पोटातली पीळ पडलेली गाठ काढली होती. मोठं ऑपरेशन, पण सुरळीत पार पडलेलं. आणि आज बाई हातची चालली होती.

नाडी जेमतेम लागत होती. रक्तदाब घसरत चालला होता. इंदुताईंनी टाके पाहिले, पोट दाबून पाहिलं. पोट मऊ होतं, रक्तस्राव कुठेच नव्हता. सलाइन जोरात चालू असूनही दाब वर येईना. कारण सापडत नव्हतं आणि वेळ निघून चालली होती. इंदुताई मनातून पार घाबरल्या होत्या.

कंपाउंडर ज्योतीरामने मात्र निकाल लावून टाकला होता. फौजदार मालोजीरावांना त्यानेच बोलावून आणलं होतं.

“सुनेनं सकाळी पेज पाजली आणि हे झालं,” तो म्हणाला. “पेजेचं भांडं जप्त करा साहेब. उशाशी अंगारा आहे, त्याला तेवढा हात लावू नका. देवाचं आहे.”

उशाशी लाल फडक्याची गाठ मारलेली पुरचुंडी होती. सून रतनबाई भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती, हाही तिचा गुन्हाच ठरत होता. सुनेनं रडावं तर ढोंगी, न रडावं तर कैदाशीण.

मालोजीरावांनी भांडं बगलेत मारलं. “सासूशी भांडण होतं?”

“व्हय. रोजचंच.”

“पेजेत काय घातलं?”

“मीठ.”

“थांबा,” इंदुताई म्हणाल्या. “मला विचारू द्या. ही जगली तर तुमचं कामच उरणार नाही.”

त्यांची नजर गवराबाईंवर खिळली होती. चेहरा गोल गरगरीत, हातपाय मात्र काटकुळे. दाब मोजायचा पट्टा बांधला होता तिथली कातडी काळीनिळी झाली होती.

“रतनबाई, चेहरा पहिल्यापासून असाच?”

“न्हाई. औंदा भरला. आमी म्हटलं, तब्येत सुधारली.”

“आणखी काय सुधारलं?”

“गुडघं. उठवाया दोन मानसं लागायची. दिवाळीपासनं चाकणच्या बाजाराला एकट्या जायच्या.”

“औषध कोणाचं?”

“औषध न्हाई. निस्ता अंगारा. रोज चिमूटभर, पान्यातनं.”

“मी ऑपरेशनआधी विचारलं होतं, काही घेता का?”

“तुमी औषध इचारलं. अंगारा औषध थोडाच हाय?”

“काल दिला होता?”

“चार दिसांमागं भावकीतलं थोरलं दीर गेलं, तवापासनं बंद हाय. सुतकात देवाचं कसं शिवायचं?”

“आणि दिला कोणी?”

रतनबाईने मान खाली घातली. “नाव घेतलं तर गुन जातो.”

इंदुताईंनी पुरचुंडी सोडली आणि राखेचं बोट जिभेला लावलं. आधी काहीच नाही, मग कडू. राख खारट लागते, कडू नाही.

“मालोजीराव, दार लावा. विष कोणी दिलेलं नाही. रोज मिळत होतं ते बंद झालं, म्हणून ही मरतेय.”

“म्हणजे?”

“मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. मोठं ऑपरेशन हा शरीरावरचा घावच. त्या वेळी या ग्रंथी एरवीच्या कितीतरी पट हार्मोन रक्तात सोडतात. त्याच्या बळावर माणूस तग धरतो. तेच हार्मोन गोळ्यांतून मिळतं, कॉर्टिसोन. गुडघे जादूसारखे सुटतात, चेहरा गोल होतो, कातडी पातळ होते. पण रोज आयतं मिळालं की ग्रंथी काम सोडून देतात. सुतकात अंगारा थांबला. काल शरीराने हाक मारली, तेव्हा आत कोणी जागं नव्हतं.”

त्या वळल्या. “ज्योतीराम, फडकं मी आत्ता सोडलं. तोवर आत मिश्री आहे की सुपारी, कुणालाच दिसत नव्हतं. अंगारा आहे हे तुला कोणी सांगितलं?”

ज्योतीराम दाराकडे सरकला.

“मुंबईहून दवाखान्याची औषधं तूच आणतोस, आणि कुटायला खलही तुझ्याच हाताशी. राखेपर्यंत कोणी पोचू नये म्हणून सुनेला पुढं केलंस.”

“रविवारी महाळुंग्यात अंगाऱ्यासाठी लोक माझ्या पाया पडतात बाई,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “इथं मला कोण विचारतं?”

मालोजीरावांनी त्याची कॉलर धरली.

“बेड्या मागाहून,” इंदुताई म्हणाल्या. “पुण्याहून गोळ्या येईपर्यंत ही राहायची नाही. तुझ्याजवळच्या काढ, ज्योतीराम.”

त्याच्या ट्रंकेत बाटली निघाली. रतनबाईने खल पुढे ओढला, मग क्षणभर थबकली.

“ह्यात देव न्हाई ना?”

“नाही. नुसतं औषध.”

तिने गोळ्या कुटल्या. नाकातल्या नळीतून त्या पोटात गेल्या. मग सगळे नुसते बसून राहिले. दुपार कलली तेव्हा बोटांखाली नाडी भरून आली, आणि इंदुताईंना एकदम रडू फुटलं.

गवराबाईंनी डोळे उघडले. पहिली नजर उशाशी पडलेल्या लाल फडक्यावर गेली.

“सुतकात ह्ये कुनी सोडलं?”

इंदुताई बोलणार होत्या. पण रतनबाई पुढे झाली. “म्या, आत्याबाई. औषधबी म्याच दिलं.”

म्हातारीने सुनेकडे मान वळवली.

“पेज हाय का गं?”

फौजदारांनी बगलेतलं भांडं मुकाट्याने रतनबाईच्या हातात दिलं. ती ते घासायला नळावर घेऊन गेली.